रीलमधले गाणे कोणाचे? : वाचकांचे प्रश्न

छोट्या व्यावसायिकांनी समाजमाध्यमांवर आपला माल कसा मांडावा, याविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांमध्ये संगीत आणि आवाज यांविषयीची पत्रे इतकी आहेत की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : गोखले रोडवर आमचे साड्यांचे दुकान आहे. आमच्या सूनबाई इन्स्टाग्रामवर रोज एक रील टाकतात. पूर्वी हवे ते सिनेगीत लावता येत असे. खाते 'बिझनेस' केल्यापासून गाजलेली गाणी यादीत दिसत नाहीत, आणि जुन्या दोन रील्सचा आवाज आपोआप बंद झाला आहे. भाचा म्हणतो की खाते पुन्हा साधे करावे, आणि पंधरा सेकंदांपेक्षा कमी गाणे घेतले तर कायद्याची अडचण येत नाही. त्याचे ऐकावे काय? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : भाच्याने सल्ला आपुलकीने दिला असला तरी तो मानू नये. इन्स्टाग्रामवर दिसणारी गाजलेली गाणी त्या कंपनीच्या मालकीची नाहीत. संगीत कंपन्यांशी करार करून तिने ती घेतली आहेत, आणि माणसांनी आपल्या आनंदासाठी, घरच्या वाढदिवसाच्या किंवा सहलीच्या व्हिडिओला गाणे लावावे, एवढ्यासाठीच ती उपलब्ध आहेत. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या संगीतविषयक नियमांत, योग्य परवाना घेतलेला नसल्यास, व्यावसायिक किंवा वैयक्तिक नसलेल्या कारणासाठी संगीत वापरण्यास स्पष्ट मनाई आहे. म्हणूनच खाते बिझनेस होताच यादी आखडते. ते पुन्हा साधे किंवा 'क्रिएटर' केले तर गाणी दिसू लागतील हे खरे, परंतु साडी विकण्यासाठी केलेली रील त्यामुळे वैयक्तिक ठरत नाही आणि दुकानाला परवाना मिळाला असेही होत नाही.

पंधरा सेकंदांचा, आणि कोणी सांगतात तसा तीस सेकंदांचाही, नियम आपल्या कायद्यात कोठेही नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या दृष्टीने एका गाण्यात तीन निरनिराळ्या कृती असतात : शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि स्टुडिओत झालेले ध्वनिमुद्रण ही तिसरी. गायक-वादकांचा कलाकार म्हणून असलेला हक्क त्याहून वेगळा. कलम ५२ मध्ये खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन अशा काही कारणांसाठी सवलत आहे, पण दुकानाची जाहिरात त्यांपैकी कशातही बसत नाही. उल्लंघन जाणूनबुजून केल्यास कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि किमान शिक्षेपेक्षा कमी शिक्षा देण्याची न्यायालयाला जी मुभा आहे, ती उल्लंघन व्यापाराच्या ओघात फायद्यासाठी झालेले नसेल तरच. एका रीलसाठी पोलीस दारात येतील अशी भीती मी घालत नाही. सहसा आवाज बंद होतो, रील काढली जाते किंवा भरपाई मागणारी नोटीस येते. मात्र वापर धंद्यासाठी झाला की कायदा अधिक कठोर होतो, एवढे लक्षात ठेवावे. अमेरिकेतील बँग एनर्जी या पेयाच्या उत्पादकांनी टिकटॉकवरील जाहिरातींत गाजलेली गाणी वापरली होती, आणि ती त्या अ‍ॅपमध्येच उपलब्ध असतानाही फ्लोरिडातील न्यायालयाने २०२२ मध्ये उत्पादकांना उल्लंघनासाठी जबाबदार धरले.

आता करावे काय? मेटाचेच 'साउंड कलेक्शन' हे मोफत संगीताचे भांडार व्यावसायिक पोस्टसाठी वापरता येते, आणि त्यातील एखादी शांत, शब्दविरहित धून पार्श्वभूमीला पुरेशी आहे. माझे स्वतःचे मत मात्र असे, की साडीच्या दुकानाला उसन्या गाण्याची गरजच नाही. नवी पैठणी उलगडतानाची सळसळ, पांढऱ्या गादीवर साडी टाकल्याचा मऊ आवाज, 'जरा पदर दाखवा ना' असे म्हणणाऱ्या गिऱ्हाईक बाई, हे सगळे त्याच दुकानाचे आहे आणि दुसऱ्या कोणाला ते उचलता येणार नाही. गाजलेले सिनेगीत त्याच आठवड्यात शेकडो दुकानांनी लावलेले असते, ऐकणाऱ्याला गाणे आठवते आणि दुकान आठवत नाही. सूनबाईंनी पदरावरचा मोर कसा विणला जातो ते आपल्या आवाजात चार वाक्यांत सांगितले, मागे साडीची सळसळ राहू दिली, तर पुढच्या वेळी त्यांचा आवाज ऐकूनच लोक रीलवर थांबतील. आवाज बंद झालेल्या दोन्ही रील्स काढून टाकाव्यात आणि त्याच साड्या अशा रीतीने पुन्हा दाखवाव्यात.

प्रश्न : आमच्या दंतचिकित्सालयाच्या व्हिडिओंसाठी आम्ही यूट्यूबवर 'नो कॉपीराइट' असे शीर्षक असलेले संगीत उतरवून घेतो. तरीही एका व्हिडिओवर हक्काचा दावा आला. हे कसे? (डॉक्टर दांपत्य, कोपरी, ठाणे)

उत्तर : शीर्षक कोणीही काहीही देऊ शकतो. पहिल्या माणसाने दुसऱ्याचे संगीत 'मुक्त' म्हणून चढवले, तर त्याच्या शब्दावर विसंबणाऱ्याला त्यातून कोणताही हक्क मिळत नाही. माझ्याकडूनही ही चूक पूर्वी झाली आहे. ठाण्यातील एका दुकानासाठी केलेल्या चित्रफितीवर असाच दावा आला, आणि दिवाळीच्या ऐन आठवड्यात ती मागे घ्यावी लागली. तेव्हापासून संगीत जेथून घेतले त्या पानाची आणि परवान्याच्या अटींची प्रत तारखेसह जपून ठेवतो.

दोन गोष्टी तपासाव्यात. कर्ता आपली कृती ठरावीक अटींवर सर्वांना वापरू देतो, अशा 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाच्या तयार परवान्यांपैकी ज्यांच्या नावात 'नॉन-कमर्शियल' हा शब्द आहे ते आपल्यासारख्या व्यवसायाला चालत नाहीत. ज्यांत श्रेयनिर्देशाची अट आहे, तेथे संगीतकाराचे नाव वर्णनात लिहावेच लागते. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीतील संगीत यूट्यूबवरील व्हिडिओंसाठी सुरक्षित आहे, मात्र तोच व्हिडिओ अन्यत्र टाकण्यापूर्वी त्या धुनेचा परवाना वाचावा. यंत्रणेच्या आपोआप जुळणीतून आलेला दावा आणि स्वामित्वहक्काचा 'स्ट्राइक', म्हणजे हक्कधारकाच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला गेल्यावर वाहिनीला मिळणारी ताकीद, या वेगळ्या बाबी आहेत. दाव्याने बहुधा जाहिरातीचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाते किंवा व्हिडिओ अडवला जातो, परंतु नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाल्यास संपूर्ण वाहिनीच बंद होऊ शकते.

प्रश्न : मी घरगुती उकडीचे मोदक आणि फराळाचे पदार्थ करून देते. गणपतीच्या दिवसांत पोस्टला आरती किंवा जुने भक्तिगीत लावायचे आहे. देवाच्या गाण्याला कसला आला हक्क, असे शेजारच्या काकू म्हणतात. (एक वाचक भगिनी, नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : काकूंच्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे, आणि ते अर्धे नीट समजून घेतले तर आपले काम फार सुंदर होईल.

घरोघरी म्हटली जाणारी गणपतीची आरती समर्थ रामदासांची, म्हणजे सतराव्या शतकातील. संत तुकारामांचे अभंगही त्याच शतकातले. या शब्दांवर आज कोणाचाही स्वामित्वहक्क नाही, आणि परंपरेने चालत आलेल्या चालीवरही नाही. पण आपण फोनवर ऐकतो ती आरती एका विशिष्ट कंपनीने, विशिष्ट गायकाकडून, विशिष्ट वाद्यमेळासह ध्वनिमुद्रित केलेली असते. ते ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले, त्याच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे त्यावर हक्क राहतो. शब्द आणि चाल यांचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतरची साठ वर्षे असतो. उदाहरण द्यायचे तर ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये निवर्तले, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. तेव्हा 'जुने गाणे' म्हणजे किती जुने, हे प्रत्येक गाण्याच्या तिन्ही अंगांबाबत स्वतंत्रपणे पाहावे लागते, आणि आपल्या आईवडिलांच्या तरुणपणीची बहुतेक भावगीते व भक्तिगीते अजून हक्कमुक्त झालेली नाहीत.

धार्मिक समारंभात गाणे वाजवण्यास किंवा गाण्यास कायद्यात सवलत आहे हे खरे, आणि बहुधा तेच काकूंच्या कानावर आले असावे. परंतु ती सवलत त्या समारंभातील सादरीकरणापुरती आहे. मोदकांची मागणी नोंदवा असे सांगणारी पोस्ट हा समारंभ नव्हे.

मग आरती आपणच म्हणावी. आपल्या इमारतीत किंवा सेक्टरमध्ये महिलांचे भजनी मंडळ असेल, तर त्यांच्याकडून दोन कडवी घ्यावीत. टाळ, एक पेटी आणि पाच-सहा गळे पुरे. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, कारण घरातली आरती तशीच असते आणि घरगुती मोदकाला तीच शोभते. मात्र गाणाऱ्या प्रत्येक बाईंकडून व्यावसायिक वापरासाठी लेखी संमती घ्यावी, कारण कलाकाराचा हक्क व्यावसायिक गायकांपुरताच नसतो. वहीच्या एका पानावर तारीख, कोणती आरती, कोठे वापरणार आणि सही एवढे असले की झाले. त्यांना मोदकांचा एक डबा पाठवावा, हे मी सांगण्याची गरज नाही.

एक सूचना अधिक. मोदकाच्या चित्रफितीत आरतीपेक्षाही परिणाम करतो तो स्वयंपाकघराचा आवाज : विळीवर नारळ खवतानाची करकर, गुळ विरघळताना सारणाची बुडबुड, झाकण उचलताच निघणारा वाफेचा सुस्कारा. हे आवाज टिपताना मिक्सर, पंखा आणि शीतकपाट थोडा वेळ बंद ठेवावे. फोन भांड्यापासून हातभर अंतरावर, वाफेच्या बाजूला न येईल असा धरावा. आधी तीस सेकंद असे केवळ आवाज घ्यावेत आणि नंतर त्यांतले चांगले निवडावेत.

प्रश्न : आमच्या पर्यटन संस्थेसाठी एका अ‍ॅपने गाजलेल्या गायकासारख्या आवाजात गाणे बनवून दिले. गाणे नवीन आहे, मग ते वापरता येईल ना? (एक वाचक, बेलापूर, नवी मुंबई)

उत्तर : वापरू नये. शब्द आणि चाल नवीन असली तरी आवाज ही त्या गायकाची ओळख आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या बाजूने अंतरिम आदेश देताना त्यांचे नाव, आवाज आणि गाण्याची शैली यांची कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी परवानगीशिवाय नक्कल करण्यास मनाई केली. कोणाच्याही आवाजाची नक्कल न करणारे संगीत अशा साधनांकडून घेता येते, पण तेथेही अटी वाचाव्यात, कारण सुनोसारख्या सेवेच्या मोफत योजनेत तयार झालेली गाणी व्यावसायिक वापरासाठी नसतात. बेलापूरहून कोकणात सहली नेणाऱ्या संस्थेने गणपतीपुळ्याच्या लाटा आणि एसटी स्थानकावरची उद्घोषणा ऐकवली, तर मला ते गाण्यापेक्षा अधिक बोलके वाटेल.

प्रश्न : वाशीच्या फळबाजारात आमचा आंब्याचा गाळा आहे. हंगामात मी पेटी उघडून हापूस दाखवतो आणि माहिती सांगतो. बाजाराच्या गलक्यात माझे बोलणे कळत नाही, म्हणून मुलगा वर जोराचे संगीत टाकतो. तरी लोक लिहितात की काही ऐकू येत नाही. (एक व्यापारी, तुर्भे, नवी मुंबई)

उत्तर : गलका झाकण्यासाठी संगीत टाकणे म्हणजे एका आवाजावर दुसरा आवाज चढवणे होय, आणि दोन्हींखाली आपले शब्द दबतात. या पत्रातील अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कायद्याचे प्रश्न परवान्याने सुटतात, पण न कळणारे बोलणे कोणत्याही परवान्याने सुधारत नाही.

पहिले काम माइकचे. फोनचा माइक हातभर अंतरावरून हमालांच्या हाका, ढकलगाड्यांची घरघर आणि आपले बोलणे सारख्याच निष्ठेने टिपतो. सदऱ्याला लावायचा कॉलर माइक छातीच्या वरच्या भागावर, तोंडापासून वीतभर खाली लावला की आपला आवाज बाजारापेक्षा कितीतरी जवळचा होतो आणि गलका आपोआप मागे सरकतो. त्यावर स्पंजची टोपी असावी, नाहीतर वाऱ्याची घरघर येते. गाळ्यात रचलेल्या पेट्या आणि त्यांतला पेंढा आवाज शोषून घेतात, म्हणून पत्र्याच्या शटरला किंवा उघड्या भिंतीला तोंड करून बोलण्याऐवजी पेट्यांच्या रांगेकडे तोंड करून बोलावे. शेजारच्या गाळ्यात रेडिओ चालू असेल तर तो दोन मिनिटे बंद करण्याची विनंती करावी, कारण पाठीमागे पुसट वाजणारे सिनेगीतही समाजमाध्यमांची यंत्रणा ओळखते आणि आपण न लावलेल्या गाण्यासाठी आपला आवाज बंद होतो.

संगीत हवेच असेल तर किती? संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने जे निकष केले आहेत, त्यांच्या सर्वांत वरच्या पातळीवर पार्श्वसंगीत बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली असावे असे सांगितले आहे. कानाला ते साधारण चौपट हळू वाटते. कमी ऐकू येणाऱ्या ज्येष्ठांसाठी हा फरक फार मोलाचा आहे, आणि हापूसच्या पेटीचा निर्णय बऱ्याच घरांत तेच घेतात. मोबाइलवरील संपादनाच्या अ‍ॅपमध्ये डेसिबलऐवजी शंभरपर्यंतची पट्टी असते. ती संगीतासाठी दहाच्या आसपास आणावी, डोळे मिटून ऐकावे आणि एक जरी शब्द निसटला तर आणखी खाली घ्यावी. ही तपासणी हेडफोन लावून करू नये. फोनच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज जवळजवळ येतच नाही आणि माणसाचा कान सुमारे २,००० ते ५,००० हर्ट्झच्या पट्ट्यात अधिक तीक्ष्ण असतो. त्यामुळे हेडफोनमध्ये घुमणारा ढोल फोनवर नाहीसा होतो आणि ताशाची तडतड तेवढी उरते, ती नेमकी आपल्या शब्दांतील स, श, ट, क या व्यंजनांवर येऊन आदळते.

आणखी एक. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणारा माणूस आपली चित्रफीत बहुधा आवाज बंद ठेवून पाहणार आहे. त्याच्यासाठी बोललेले शब्द मराठीत पडद्यावर यावेत. यंत्राने आपोआप लिहिलेल्या ओळी तशाच सोडू नयेत, कारण गावांची नावे आणि भाव यांत हमखास चूक होते, आणि डझनाच्या भावातील एका आकड्याची चूक व्यापाऱ्याला परवडत नाही.

बाजाराचा गलका मात्र पूर्णपणे पुसून टाकू नये. बोलायला सुरुवात करण्यापूर्वी तीन-चार सेकंद तो तसाच ऐकू द्यावा, मग पेटीची फळी निघतानाचा आवाज, पेंढ्याची खसखस, आणि त्यानंतर आपण. माल थेट बाजारातला आहे हे त्या तीन सेकंदांत कळते.

प्रश्न : आमच्या फरसाणाच्या दुकानासाठी भाचीने पेटीवर सात सुरांची छोटी धून बसवली आहे. प्रत्येक पोस्टच्या शेवटी ती वाजवतो आणि लहान मुलेही ती गुणगुणतात. उद्या कोणी ती उचलली तर? (एक वाचक, पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर : आपले मनापासून अभिनंदन, कारण आपण योग्य रस्त्यावर आहात. धून भाचीने रचली असल्याने तिच्यावरील स्वामित्वहक्क रचल्याक्षणी तिचा झाला आहे आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. दुकानाला तो हवा असेल तर घरातलीच मुलगी आहे म्हणून तोंडी ठेवू नये. कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते धरले जाते, म्हणून दोन्ही स्पष्ट लिहावेत. तिचे मानधनही लिहावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतील आपला वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही, तेव्हा 'सर्व हक्क कायमचे दिले' एवढ्या एका ओळीवर विसंबू नये.

धून ही दुकानाची ओळख झाली असेल तर ती ध्वनिचिन्ह म्हणून व्यापारचिन्हांमध्ये नोंदवता येते. भारतात असे पहिले चिन्ह याहू कंपनीच्या नावाच्या लकेरीचे, २००८ मध्ये नोंदले गेले, आणि २०११ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या जिंगलची नोंद झाली. २०१७ च्या व्यापारचिन्ह नियमांनुसार ध्वनी एमपी३ स्वरूपात, तीस सेकंदांपेक्षा मोठा नसलेला, आणि सोबत त्याचे स्वरलेखन असे द्यावे लागते. (तीस सेकंदांची मर्यादा कायद्यात आहे ती येथे, दुसऱ्याचे गाणे वापरण्यासाठी नव्हे.) मुंबईचे नोंदणी कार्यालय अँटॉप हिल येथे आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्तीसाठी किंवा लघुउद्योगासाठी माल किंवा सेवांच्या एका वर्गातील नोंदीचे ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये असून नोंद दहा वर्षे टिकते आणि पुन्हा वाढवता येते. धून वेगळी आणि ओळखू येण्याजोगी असली पाहिजे, म्हणून अर्जापूर्वी ती एखाद्या जाणत्या संगीत शिक्षकाला ऐकवून कोणत्या प्रचलित गाण्याशी जुळते का ते विचारावे, आणि त्याच बैठकीत स्वरलेखनही करून घ्यावे. दरम्यान पेटीची तीच पट्टी, तीच लय आणि तेच ध्वनिमुद्रण प्रत्येक पोस्टला वापरावे. सणासुदीला त्यावर ढोलकी चढवण्याचा मोह होईल, तो निदान नोंद होईपर्यंत आवरावा.